टिनाच्या गॅरेजसाठी हीटर कोणता घ्यावा: ब्लोअर, हॅलोजन की ऑइलवाला?

रंधेवाला

मंडळी, सल्ला पाहिजे.

नागपुरात बेसा भागात घर आहे, बाजूला गाडीसाठी बांधलेलं गॅरेज. गाडी केव्हाच बाहेर रस्त्यावर गेली. आत आता सुतारकामाचं टेबल, ड्रिल स्टँड, छोटी टेबल-सॉ आणि लकडगंजहून वेळोवेळी आणलेल्या सागवानाच्या तुकड्यांचा ढीग आहे. नोकरी हिंगणा एमआयडीसीत, त्यामुळे हा उद्योग रात्री जेवणं आटोपल्यावर, साधारण ९ ते साडेअकरा. रविवारी मात्र पहाटेच.

डिसेंबर अर्धा झाला की तिथे उभं राहवत नाही. पटाशीचं लोखंड हाताला चावतं, बोटं आखडतात. आखडलेल्या बोटांनी टेबल-सॉ चालवायची म्हणजे बोटांवर पाणी सोडायची तयारी. स्वेटर, कानटोपी सगळं आहे, पण हातमोजे घालून पटाशी धरता येत नाही आणि फिरत्या पात्याजवळ तर हातमोजे नकोतच.

जागेची मापं: १० फूट बाय १८ फूट, उंची सरासरी ९ फूट. वर टिनाचे पत्रे, खाली सीलिंग वगैरे काही नाही. समोर ८ बाय ७ फुटांचं रोलिंग शटर. एक लांब भिंत घराला लागून, बाकीच्या ९ इंची विटांच्या. खाली साधा कोबा. लाइटचा एकच बोर्ड, त्यात ६ अँपिअरचे दोन प्लग, वायरिंग घर बांधलं तेव्हाचं.

दुकानदार २००० वॅटचा ब्लोअर घ्या म्हणतो, कारण स्वस्त आणि लगेच गरम. शेजारी हॅलोजनवर खूश आहेत. बायकोचं मत ऑइलवाला, कारण तो उद्या बेडरूममध्येही चालेल. मेव्हणा म्हणतो सिलिंडरवर चालणारा गॅस हीटर घे, लाइट बिलाची कटकट नाही. तिथे बुरादा (लाकडाचा भुसा) उडतो, कधीकधी पॉलिशसाठी सीलर आणि थिनरचं कामही असतं, हे ध्यानात घेऊन सांगा.

संत्राबर्फी

नागपुरात हीटर! धागा जपून ठेवा, मे महिन्यात ४५ अंश झाले की वर काढतो.

कुडकुडे_महालवाले

हसा भाऊ. २९ डिसेंबर २०१८ ला याच नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी टायर जळून राहिले होते. आपल्याकडे लोकांची सगळी तयारी उन्हाळ्याची असते. कुलर दोन-दोन, रजई एकच. म्हणून तीच थंडी दिल्लीवाल्यापेक्षा आपल्याला जास्त लागते. अधिवेशनासाठी मुंबईहून आलेली मंडळीही पहिल्या दिवशी हसतात, तिसऱ्या दिवशी तिबेटी लोकांच्या दुकानात जॅकेट बघताना दिसतात.

सध्या_दिल्लीकर

मूळचा धरमपेठचा, आता नोकरीमुळे दिल्लीत. इथे घरोघरी ब्लोअर असतो. दोन हजारांच्या आत येतो, पाच मिनिटांत खोली गरम. एवढा विचार कशाला? घ्या आणि कामाला लागा.

रंधेवाला

@सध्या_दिल्लीकर, तुमच्याकडे ब्लोअर बंद खोलीत चालतो. इथे वर नुसता टिन आहे. आणि ब्लोअर हवा मागून ओढतो, तिच्याबरोबर बुरादाही ओढणार. तो लालबुंद तारेवरून जाणार, ही माझी मुख्य धास्ती.

फेज_न्यूट्रल

वायरमन आहे, वीसेक वर्षं हेच करून राहिलो. हीटर कोणता ते नंतर बघा, आधी बोर्ड बघा.

२००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे पावणेनऊ अँपिअर. तुमचा प्लग ६ अँपिअरचा. लोक काय करतात, तर मोठ्या पिनेच्या टॉपला कन्व्हर्टर लावून तो छोट्या प्लगमध्ये खुपसतात. पहिल्या दिवशी चालतं. महिनाभरात प्लगची पितळी पकड तापून ढिली होते, ढिली झाली की आणखी तापते, आणि मग प्लास्टिक पिवळं पडून जळका वास येतो. आग हीटरमुळे लागली असं घरचे म्हणतात. उघडून बघितलं की सुरुवात प्लगपासून झालेली असते.

तुमच्यासाठी काम असं: घरातल्या मेन डीबीपासून (सगळ्या लाइनी जिथून फुटतात ती पेटी) गॅरेजपर्यंत वेगळी लाइन ओढा. एका हीटरला २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर पुरते, पण तिथे टेबल-सॉ पण आहे, त्यामुळे मी ४ ची ओढीन. गॅरेजमध्ये छोटा डीबी, हीटरला स्वतंत्र १६ अँपिअरची एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), मशीनला वेगळी, आणि दोघांच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (शॉक बसू लागला की लाइन तोडणारा स्विच). १६ अँपिअरचे प्लग चांगल्या कंपनीचे घ्या, इथे शंभर रुपये वाचवू नका. अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरात तिसऱ्या भोकात बरेचदा काहीच जोडलेलं नसतं, नुसती शोभा.

एक्स्टेंशन बोर्डावर हीटर लावायचाच नाही. गुंडाळलेली वायर असेल तर मुळीच नाही, आतल्या आत तापते. इन्व्हर्टरच्या लाइनवर पण नाही.

आणि घराचा मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा. गीझर, हीटर आणि टेबल-सॉ एकाच वेळी चालणार असेल तर महावितरणकडे वाढवून घेतलेला बरा.

शेगडीप्रेमी

एवढ्या भानगडीपेक्षा कोळशाची शेगडी पेटवा जी. आमच्या कवेलूच्या (कौलारू) घरात आजी पूर्ण हिवाळा शेगडीवर काढायची. बिल शून्य.

डॉक्टरीणबाई

@शेगडीप्रेमी, हा सल्ला कृपा करून कोणी घेऊ नका.

कवेलूच्या घरात कवेलूंच्या फटींमधून धूर आणि वायू बाहेर जायचे. शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये ते आतच साठतात. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. माणसाला वाटतं दिवसभराचा थकवा आहे आणि तो तिथेच टेकतो. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असंही समजू नका. लालभडक निखाऱ्यांना धूर नसतोच, वायू मात्र असतो. दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या शेगडीच्या बातम्या येतात, त्या याच.

सिलिंडरवरच्या हीटरचंही तेच. चांगला असला तरी तो खोलीतलाच प्राणवायू वापरतो, त्यामुळे हवा खेळती ठेवावी लागते. आणि हवा खेळती ठेवली की ऊब निघून जाते.

लाखदाणा

गॅस हीटरबद्दल सुतारकामाच्या बाजूने भर घालतो. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन हवेत येतं. आपल्या नागपूरची हिवाळी हवा कोरडी, ही सुतारासाठी खरं तर चैन आहे. त्यात आपल्या हाताने वाफ सोडायची, ती रात्री थंड लोखंडावर बसणार, सकाळी टेबल-सॉच्या पत्र्यावर गंज. शिवाय सीलर-थिनर जवळ असताना उघडी ज्योत! मेव्हण्याला चहा पाजा आणि विषय बदला.

दुसरं. नुसत्या हातांना थंडी वाजते असं नाही, मालालाही वाजते. लाकूड आणि फेविकॉल दोन्ही फार गार असतील तर फेविकॉल पारदर्शक न होता पांढरट, भुकटीसारखा सुकतो. तो जोड ताकद धरत नाही. ॲराल्डाइटसारख्या इपॉक्सीचं घट्ट होणं तर १० अंश उतरले की ढोबळमानाने निम्म्या वेगावर येतं. हे टाळायचं असेल तर अख्खी खोली तापवायची गरज नाही. बाटल्या घरात ठेवा. जोड लावलेला नग लहान असेल तर रात्री घरात आणा. मोठा असेल तर खोलीभर हीटर चालू ठेवून झोपू नका, सकाळी ११ नंतर चिकटवा. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी २७-२८ अंश सहज होतात, ते फुकट आहेत.

पॉलिश तर दुपारीच करावं, शटर उघडं ठेवून, हीटर बंद करून. याला अपवाद नाही.

हॅलोजन_झिंदाबाद

मी स्कूटर दुरुस्तीचं काम करतो, प्रतापनगरात, अशाच टिनाच्या शेडमध्ये. तीन कांड्यांचा १२०० वॅटचा हॅलोजन आहे. एक कांडी ४०० वॅट. एकाच कांडीवर काम भागतं, कारण तो हवा तापवतच नाही, समोरच्याला तापवतो. शटर अर्धं उघडं असलं तरी फरक पडत नाही. स्वस्त आहे, हलका आहे, मान हलवतो. पाठीला मात्र थंडी वाजत राहते हे खरं.

उष्मागतिक

@हॅलोजन_झिंदाबाद यांचा मुद्दा बरोबर आहे. थोडं गणित मांडतो, म्हणजे भांडण सोपं होईल.

आधी एक गैरसमज. विजेवर तापणारा कोणताही हीटर, ब्लोअर असो, हॅलोजन असो की ऑइलवाला, एक युनिट विजेतून एक युनिटच उष्णता देतो. 'हा कमी वीज खातो आणि जास्त तापतो' ही दुकानातली भाषा. फरक एवढाच की ती उष्णता जाते कुठे.

आता रंधेवाल्यांची खोली. बाहेर १० अंश आणि आत १८ हवेत असं धरू, म्हणजे ८ अंशांचा फरक. टिनाचं क्षेत्रफळ १८० चौरस फूट, म्हणजे पावणेसतरा चौरस मीटर. नुसत्या पत्र्यातून दर चौरस मीटरला, दर अंशाला ६ वॅट तरी जातात. गुणाकार ८०० वॅट. शटरमधून आणखी २५०. तीन भिंतींमधून सव्वाचारशेच्या आसपास. शटरच्या फटींतून तासाला दोनदा हवा बदलते असं धरलं तर २५०. बेरीज साधारण १७०० वॅट, आणि त्यातला जवळजवळ अर्धा भाग एकट्या छपराचा. या खोलीत ब्लोअर लावणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. बंद केल्यावर दहा मिनिटांत पुन्हा गार.

वर आणखी एक गोष्ट आहे. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकत राहतो, त्यामुळे तो बाहेरच्या हवेपेक्षाही गार होऊ शकतो. अशा पत्र्याखाली उभं राहिलं की आपल्या डोक्या-खांद्यांतली ऊब तो ओढतो. हवा १८ अंश दाखवत असली तरी 'गारवा वाटतो' तो यामुळे.

आता त्याच पत्र्याखाली ५० मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारा दगडी लोकरीचा थर) आणि त्याखाली जिप्सम बोर्डाचं सीलिंग करा. ८०० वॅटचे १०० होतात. शटरच्या आतून जाड पडदा सोडा, जुन्या ताडपत्रीला आतून गोधडी शिवली तरी चालेल, आणि खालच्या फटीला रबराची पट्टी लावा. शटर आणि फटी मिळून ५०० चे निम्मे होतील. बेरीज येते पावणेआठशे. म्हणजे दोन हजार वॅटच्या जागी ८०० वॅटमध्ये काम.

आणि @संत्राबर्फी, मे महिन्यात धागा काढाच. हेच सीलिंग तेव्हा तापलेल्या पत्र्याला डोक्यापासून तोडेल. नागपुरात हीटर वापरायचे दिवस दीड महिना, उन्हाचे चार. पैसे कुठे घालायचे ते यावरून ठरवा.

संत्राबर्फी

बरं, ही पोस्ट वाचून गप्प बसतो. आमचं वरचं स्टोअर पण टिनाचंच आहे. थर्माकोल चिकटवला तर? तो रॉकवूलपेक्षा स्वस्त पडेल.

उष्मागतिक

उष्णता अडवायला उत्तम, पण उघडा थर्माकोल पेटला की वितळून थेंब थेंब जळत खाली पडतो. स्टोअरमध्येही मी उघडा ठेवणार नाही. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि बुरादा असलेल्या जागी तर नावच नको. रॉकवूल दगडापासून बनतं, ते जळत नाही. बसवताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

मातीकाम_ताई

मी कुंभारकामाचा छोटा स्टुडिओ चालवते, त्रिमूर्तीनगरकडे, तेही गॅरेजच होतं. माझ्याकडे ९ फिनचा (म्हणजे तेल भरलेल्या नऊ उभ्या पाकळ्यांचा) ऑइल हीटर आहे. जे आवडतं आणि जे नाही, दोन्ही सांगते.

चालू केल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच कळत नाही. आत तेल तापताना टिक टिक, मधेच कडक् असा आवाज येतो. नवीन माणूस दचकतो, पण ते पत्रा प्रसरण पावल्याचं असतं. मग हळूहळू आजूबाजूची हवा मऊ होते. त्याला पंखा नाही, त्यामुळे माझ्याकडे मातीची बारीक धूळ उडत नाही. बंद केल्यानंतरही अर्धा तास ऊब टिकते. मी जेवायला बसते तेव्हा त्याला चालू करून ठेवते आणि भांडी आवरून तिथे पोचते तोवर खोली तयार.

न आवडणारं: जड आहे, चाकं असली तरी उंबरठ्यावर उचलावाच लागतो. आणि महाग. ९ फिनवाला सात-आठ हजारांच्या पुढेच. उषा, बजाज, हॅवेल्स, मॉर्फी रिचर्ड्स अशा बऱ्याच कंपन्यांचे आहेत. फिन ९ की ११ यावर डोकं खपवू नका, थर्मोस्टॅट आणि कमी वॅटची पायरी आहे का ते बघा. माझ्यात ८००, १२०० आणि २००० अशा पायऱ्या आहेत. काही मॉडेलांत मागे ४०० वॅटचा छोटा पंखा जोडून २९०० वॅट लिहिलेलं असतं. बुरादा असलेल्या जागी तो पंखा घेऊ नका किंवा कायम बंद ठेवा. पडला तर आपोआप बंद होणारा हवा. आणि आयएसआय मार्क.

त्यावर ओले कपडे वाळवायचे नाहीत. घरातले वाळवतात, माझ्याशी भांडतात.

हॅलोजन_झिंदाबाद

पण ताई, तुमच्या ऑइलवाल्याने आठ हजार गेले. माझा हॅलोजन दीड हजारात आला. बाकीच्या पैशात किती वर्षांचं बिल निघेल?

लाखदाणा

तुमच्या स्कूटरच्या कामाला हॅलोजन ठीक, पण पेट्रोलची टाकी उघडताना तो बंद असतो ना? रंधेवाल्यांचा प्रश्न बुराद्याचा आहे. हॅलोजनची कांडी आणि ब्लोअरची तार लाल होते, म्हणजे सहा-सातशे अंशांच्या वर. लाकडाची बारीक भुकटी साचून राहिली तर त्याच्या निम्म्याहून कमी तापमानाला धुमसू लागते. सँडर चालला की भुकटी सगळीकडे बसते, कांडीच्या मागच्या चकचकीत पत्र्यावरही. पहिल्यांदा फक्त भाजका वास येतो. मग एक दिवस रंध्याची एखादी सालपट जाळीतून आत जाते.

ऑइल हीटरचा पत्रा हाताला चटका देतो, पण शंभर अंशांच्या आसपासच. त्यावर बुरादा बसला तर वास येईल, पेट घेणार नाही. रोज फडक्याने पुसायचा, बस.

उष्मागतिक

मधला एक पर्याय राहिला: पीटीसी सिरॅमिक. यात तार लाल होत नाही. तापमान वाढलं की त्या सिरॅमिकचा विद्युतरोध एकदम वाढतो आणि तो स्वतःलाच आवरतो. साध्या ब्लोअरपेक्षा सुरक्षित, पण पंखा असतोच, त्यामुळे धूळ उडतेच. बुराद्याच्या खोलीत दुसरा नंबर देईन.

हात गरम ठेवायला भिंतीवर उंच लावायचे इन्फ्रारेड पॅनेल मिळतात, न चमकणारे. टेबलाच्या वर लावलं तर हॅलोजनचा फायदा मिळतो आणि लाल कांडी नसते. आधी सीलिंग करून बघा, कदाचित लागणार नाही.

सध्या_दिल्लीकर

हॉट अँड कोल्ड एसीचं कोणीच बोललं नाही. एक युनिट वीज आणि तीन युनिट उष्णता, @उष्मागतिक यांचा नियम तिथे मोडतो.

उष्मागतिक

मोडत नाही, तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, म्हणून जास्त दिसते. नागपूरच्या १० अंशांत तो झकास चालेल, बाहेरच्या युनिटवर बर्फ धरायचीही फारशी भीती नाही. उन्हाळ्यातही कामाचा. पण बुराद्याने त्याची जाळी आठवड्यात भरेल. धूळ ओढायचा कलेक्टर लावला असेल तरच विचार करा.

वेळेचा_पाबंद

एक बारीक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. पेपरात छापून येतं ते किमान तापमान पहाटेचं. सूर्य उगवायच्या सुमाराचं. रात्री ९-१० वाजता त्याच दिवशी पारा बराच वर असतो. म्हणजे '१० अंश' वाचून तुम्ही घाबरता, पण तुमच्या कामाच्या वेळी १४-१५ असतील. खरी थंडी तुमच्या रविवारच्या पहाटेला आहे. रविवारचं काम ९ वाजता सुरू करा, अर्धा हीटर तिथेच वाचला.

ढग आले की तर पारा एकदम वर चढतो. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की दोन रात्रींत उतरतो. आठवडाभराचा अंदाज बघून मोठे जोड लावायचे दिवस ठरवता येतात.

रंधेवाला

@वेळेचा_पाबंद, रविवारी ९ नंतर पाहुणे येतात हो! पहाटच माझी.

सगळ्यांचं वाचतोय. सध्याचा कल असा: वेगळी लाइन, मग सीलिंग, मग ९ फिनचा ऑइल हीटर. गॅस, शेगडी आणि ब्लोअर बाद. @मातीकाम_ताई, हीटर टेबलाखाली ठेवू की बाजूला? खर्चाचा काही अंदाज?

मातीकाम_ताई

टेबलाखाली नको. ऊब फळीखाली कोंडते, लाकूड तडकेल आणि पायाशी सालपटं पडतात तिथेच बुरादा साचेल. तुमच्या पाठीमागे किंवा बाजूला, चारी बाजूंनी दोन-अडीच फूट मोकळं. थिनरचे डबे दुसऱ्या टोकाला, शक्यतो खोलीबाहेर.

बिल असं धरा: ८०० वॅटवर अडीच तास म्हणजे २ युनिट. समजा युनिटला १० रुपये धरले तर संध्याकाळी २० रुपये. थर्मोस्टॅट मधे मधे बंद करतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच. तुम्ही ३०० युनिटच्या स्लॅबच्या काठावर असाल तर मात्र वरचे युनिट महाग पडतील, ते बघून घ्या.

कुडकुडे_महालवाले

आणि पायाखाली प्लायवूडचा तुकडा टाका. कोब्यावर उभं राहून गुडघ्यापर्यंत गार होतं माणूस, वर कितीही हीटर लावा. सतरंजी नको, तिच्यात बुरादा अडकतो. १२ मिलिमीटरचा प्लाय, खाली दोन पट्ट्या ठोकल्या की झालं. तुमच्याकडे तर तुकड्यांचा ढीग आहे म्हणता.

फेज_न्यूट्रल

प्लायवर उभे राहिलात तर शॉकपासूनही थोडा आधार आहे. पण त्याच्या भरवशावर आरसीसीबी टाळू नका.

रंधेवाला

जानेवारीतला अपडेट.

लाइन झाली, ४ स्क्वेअर एमएमची, छोट्या डीबीसकट. अर्थिंगचं @फेज_न्यूट्रल म्हणाले तेच निघालं, गॅरेजच्या बोर्डाला अर्थ आलेलाच नव्हता. नवीन जोडून घेतला.

सीलिंग करणाऱ्याने आधी नुसतं पीव्हीसीचं सुचवलं, दिसायला छान म्हणून. मी रॉकवूल आणि जिप्समवर अडून बसलो. पत्रा आणि रॉकवूल यांच्यात थोडी हवा खेळती ठेवली आहे. उंची अर्धा फूट गेली, लांब फळी उभी करताना जपावं लागतं. शटरला आतून ताडपत्रीचा पडदा, वर पाइपाची दांडी, बाजूला सरकवता येतो. प्लायचा पाट तर त्याच संध्याकाळी ठोकला.

सीलिंग झाल्यावर पहिल्या रात्री हीटर न लावताच काम केलं, फरक समजावा म्हणून. टेबलावर तापमापी ठेवली होती. बाहेर १३ असताना आत १६ होते, कारण घराला लागून असलेली भिंत आणि दिवसभर तापलेल्या विटा ऊब सोडतात आणि ती आता वरून पळत नाही. हाताला पटाशी चावली नाही. बऱ्याच रात्री एवढ्यावरच निघतील असं दिसतंय.

हीटर घेतलाच, ९ फिनचा, बिनपंख्याचा. रविवारी पहाटे ८०० च्या पायरीवर चालतो, साडेपाचला लावला की सहाला बऱ्यापैकी. २००० ची पायरी अजून वापरलेली नाही. सँडिंग करताना बंद ठेवतो आणि काम संपल्यावर पुसतो.

बायकोने तो बेडरूममध्ये नेण्याचा घाट घातला होता, पण उंबरठ्यावर उचलून बघितल्यावर तो बेत बारगळला.

हॅलोजन_झिंदाबाद

रॉकवूल किती जाडीचं आणि ते पत्र्याला कसं अडकवलं? आमच्या शेडला पण बघतो. स्लॅबसारखं ताठ मिळतं की गुंडाळीचं?

रंधेवाला

५० मिलिमीटरच्या ताठ स्लॅब घेतल्या. पत्र्याला अडकवलंच नाही. जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्ट्यांचा सांगाडा भिंतीवर आणि मधल्या लोखंडी पाइपांवर टांगला, त्यावर स्लॅब ठेवल्या, खालून जिप्सम स्क्रूने बसवला. गुंडाळीचं मऊ असतं, मधे झोळ पडतो आणि तिथून गारवा उतरतो. तुमच्या शेडला मधले पाइप नसतील तर आधी वजन पेलेल का ते वेल्डिंगवाल्याला दाखवा, जिप्सम दिसतो त्यापेक्षा जड आहे.

फेज_न्यूट्रल

@रंधेवाला, आता एक करा. हीटर तासभर चालल्यावर पिन काढायच्या आधी प्लगच्या पुढच्या पत्रीला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर आतला स्क्रू ढिला आहे, मेन बंद करून आवळून घ्या. नव्या वायरचे स्क्रू पहिल्या महिन्यात एकदा आवळावेच लागतात, तांबं दबतं.

रंधेवाला

आत्ताच बघितलं. हीटरचा कोमट आहे. टेबल-सॉचा जरा जास्तच वाटतोय, उद्या मेन पाडून उघडतो.